दोघांचा रोग, एकीचे औषध

मनमाडात कोणत्याही दुखण्याचे खापर प्रथम पाण्यावर फुटते. पोट बिघडले की पाणी, अंगाला खाज सुटली की पाणी, केस गळू लागले तरी पाणीच. बहुतेक वेळा हा आरोप अगदीच निराधार असतो असेही नाही. ज्या गावाने अनेक वर्षे नळाला पंधरा-पंधरा, वीस-वीस दिवसांनी येणाऱ्या पाण्याची वाट पाहिली आणि वागदर्डी धरणाचा तळ दिसू लागला की ज्याचा जीव कासावीस होत आला, त्या गावाने पाण्याला दोष द्यावा यात नवल ते काय? परंतु या सवयीच्या आड काही दुखणी अशी दडून राहतात की ज्यांचे मूळ पाण्यात नसते. त्यांपैकी एका दुखण्याविषयी आज लिहावयाचे आहे. विषय संकोचाचा आहे, आणि प्रस्तुत लेखक वैद्यकाचा नव्हे तर अर्थशास्त्राचा अध्यापक आहे. त्यातून पुरुष. तेव्हा ‘हा अधिकार तुम्हाला कोणी दिला?’ असा प्रश्न कोणी विचारल्यास तो रास्तच होईल. त्याचे उत्तर लेखाच्या ओघात मिळेल अशी आशा आहे.

एका परिचित कुटुंबातील ही हकीकत. ओळख पटू नये एवढी काळजी घेऊन ती सांगतो. गृहस्थ नोकरदार, सुशिक्षित, निर्व्यसनी. पत्नीस अंगावर पांढरे जाण्याचा त्रास सुरू झाला. पुढे त्या स्रावाला पिवळसर-हिरवट रंग आला, दुर्गंधी आली, खाज आणि लघवीच्या वेळी जळजळ सुरू झाली. प्रथम साठवणीच्या पाण्यावर संशय गेला. मग तांदळाचे धुवण झाले, उष्णतेवरचे काढे झाले. मग औषधाच्या दुकानातून कोणीतरी सांगितलेले मलम आले. पुढे एका डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्यांनी आराम पडला, आणि महिन्या-दीड महिन्यात दुखणे पुन्हा उभे राहिले. असे चार वेळा झाले. या काळात ‘तुझीच स्वच्छता नीट नाही’ हे वाक्य त्या बाईंनी घरात किती वेळा ऐकले असेल, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. अखेरीस नाशिकला एका स्त्री-डॉक्टरांनी तपासणी केली, स्रावाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि चिठ्ठीवर दोन नावे लिहिली, पत्नीचे आणि पतीचे. पत्नीने आपल्या गोळ्या घेतल्या. पती म्हणाले, ‘मला काही झालेले नाही, मी औषध कशाला घेऊ?’ चिठ्ठीचा उरलेला भाग कपाटात घडी घालून राहिला. दोन महिन्यांनी त्या बाई माझ्या पत्नीजवळ रडल्या, तेव्हा ही गोष्ट आमच्या घरात कळली.

या दुखण्याचे नाव ट्रायकोमोनायसिस. ट्रायकोमोनास व्हजायनॅलिस नावाचा एकपेशीय परोपजीवी त्यास कारण असतो. आकाराने नासपतीसारखा, शेपटीवजा तंतूंच्या साहाय्याने हालचाल करणारा हा जीव १८३६ साली पॅरिसमध्ये अल्फ्रेड दॉने या फ्रेंच वैद्याने प्रथम नोंदवला. म्हणजे ओळख जवळजवळ दोन शतकांची. माणसाखेरीज अन्य प्राण्यात तो निसर्गतः राहत नाही. कोरड्या जागी तो टिकत नाही. त्याचा प्रसार प्रायः एकाच मार्गाने होतो, तो म्हणजे स्त्री-पुरुषांचा शरीरसंबंध. विहिरीचे पाणी, टाकीचे पाणी, खाण्यातील ‘उष्ण’ पदार्थ, यांपैकी काहीही त्याचे उगमस्थान नव्हे. पाण्याच्या टंचाईने स्त्रियांचे हाल होतात, स्वच्छता राखणे कठीण होते, हे सारे खरे आहे; परंतु भरपूर पाण्याने धुऊन हा रोग जात नाही. किंबहुना योनीमार्ग आतून वारंवार धुण्याने अपायच होतो, असे वैद्यक सांगते.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. अंगावर पांढरे जाणे म्हणजे प्रत्येक वेळी रोग नव्हे. मासिक पाळीच्या चक्रानुसार थोडा स्वच्छ, वास नसलेला स्राव होणे हे निसर्गाचेच काम आहे. रोगाने होणारा स्रावही एकाच कारणाचा नसतो. बुरशीच्या संसर्गात तो दह्याच्या कवडीसारखा घट्ट असतो आणि खाज फार सुटते. योनीतील जिवाणूंचा समतोल ढळला तर राखाडी, पातळ स्राव होऊन त्याला मासळीसारखा वास येतो. ट्रायकोमोनायसिसमध्ये तो बहुधा पिवळा-हिरवा, फेसाळ व दुर्गंधीयुक्त असतो. परंतु ही वर्णने पुस्तकातली. प्रत्यक्षात ती एकमेकांत मिसळतात, आणि दोन आजार एकाच वेळी असू शकतात. बुरशीवरचे मलम या परोपजीवीवर चालत नाही. म्हणून दुकानाच्या गल्ल्यावर ‘पांढऱ्या पाण्यावरचे काहीतरी द्या’ म्हणून घेतलेले औषध म्हणजे अंधारात मारलेला दगड होय. लागला तर लागला. स्रावाची तपासणी करावयास हवी, आणि सूक्ष्मदर्शकाखाली ती लगेच करावयास हवी. कारण त्या जीवाची हालचाल थांबली की तो ओळखता येत नाही. सूक्ष्मदर्शकाच्या तपासणीतून बरेच रुग्ण निसटतात, यास्तव जेथे अधिक अचूक प्रयोगशाळा-चाचणी उपलब्ध असेल तेथे ती उपयोगी पडते.

आता या रोगाच्या सर्वांत चमत्कारिक गुणधर्माकडे वळू. ज्यांना तो झालेला असतो त्यांपैकी बहुसंख्यांना कसलाच त्रास होत नाही. पुरुषांच्या बाबतीत तर त्रास न होणे हाच नियम, आणि लघवीची जळजळ अथवा किंचित स्राव हा अपवाद. काही पुरुषांच्या शरीरातून हा जीव आपोआप नाहीसाही होतो; काहींच्या शरीरात तो महिनोन्महिने मुकाट्याने राहतो. तेव्हा आमचे परिचित गृहस्थ ‘मला काही झालेले नाही’ असे म्हणाले, ते खोटे बोलत नव्हते. त्यांना काही जाणवत नव्हते. परंतु न जाणवणे आणि नसणे यांत जे अंतर आहे, त्या अंतरातच त्यांची पत्नी दोन वर्षे भरडली जात होती. ती बरी होई आणि पुन्हा त्याच ठिकाणाहून रोग घेई. गळक्या छपराखाली रोज लादी पुसावी आणि छपराकडे कोणी पाहू नये, तसा हा प्रकार.

हे एखाद्या घराचे दुर्दैव आहे असे मानण्याचे कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली १५ ते ४९ या वयोगटात बऱ्या होऊ शकणाऱ्या चार लैंगिक आजारांची सुमारे ३७ कोटी ४० लाख नवी प्रकरणे जगात घडली. त्यांपैकी १५ कोटी ६० लाख एकट्या ट्रायकोमोनायसिसची होती. गरमी, परमा आणि क्लॅमिडिया या उरलेल्या तिघांपैकी प्रत्येकापेक्षा ही संख्या मोठी आहे. आणि त्यांत स्त्रिया व पुरुष यांचा वाटा जवळजवळ सारखा आहे. रोग दोघांचा, लक्षणे, लाज आणि बोलणी मात्र बहुतांशी एकीच्या वाट्याला.

आपल्या महाराष्ट्रात या मौनाचे मोजमाप एकदा झालेले आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी वसा व अमिर्झा या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तपासलेल्या स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग अथवा लैंगिक रोग होते. दर स्त्रीमागे अशा रोगांची सरासरी ३.६ होती, आणि या एकूण रोगभारापैकी निम्मा जननमार्गाच्या संसर्गांचा होता. त्यापूर्वी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. या आकड्यांतील सर्वांत बोलका आकडा ९२ नव्हे, ८ आहे, असे मला वाटते. पहिला आकडा रोगाचे प्रमाण सांगतो. दुसरा, आपल्या समाजाने त्या रोगाकडे किती लक्ष दिले होते ते. ही पाहणी दुर्गम भागातील आणि जुनी आहे, हे मान्य. परंतु मनमाडसारख्या जंक्शनच्या गावी, जेथून दिवसभर गाड्या चारी दिशांना जातात, तेथेही एका सुशिक्षित घरातील स्त्रीला नाशिकच्या दवाखान्यात पोचावयास दोन वर्षे लागावीत, तर ते अंतर किलोमीटरमध्ये मोजून भागणार नाही.

उपचाराचे काय? येथेच अर्थशास्त्राच्या अध्यापकास आपले तोंड उघडण्याचा हक्क पोचतो. या रोगावरचे मेट्रोनिडॅझोल हे औषध १९६० च्या सुमारास वापरात आले आणि आजही तेच प्रमुख औषध आहे. स्त्रीस सामान्यतः ४०० अथवा ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, सात दिवस देतात. पुरुषास बहुधा एकाच वेळी घ्यावयाची मोठी मात्रा पुरते. मात्रा ठरवण्याचे काम अर्थातच डॉक्टरांचे. गरोदर असल्यास ते त्यांना आवर्जून सांगावे. दोघांचे औषध पुरे होऊन त्रास थांबेपर्यंत शरीरसंबंध टाळावा, आणि तीन महिन्यांनी स्त्रीची पुन्हा तपासणी व्हावी, कारण पुन्हा लागण होण्याचे प्रमाण मोठे आहे. या साऱ्या गोळ्यांची किंमत दोघांच्या एका वेळच्या चहा-नाश्त्यापलीकडे सहसा जात नाही.

मग एवढे स्वस्त औषध घेतले का जात नाही? अर्थशास्त्रात आम्ही विद्यार्थ्यांना ‘बाह्य परिणाम’ नावाची संकल्पना शिकवतो. नदीकाठचा कारखानदार आपले सांडपाणी नदीत सोडतो. ते पाणी त्याला प्यावे लागत नाही. ते खालच्या गावाला प्यावे लागते. कारखानदाराच्या जमाखर्चात त्या गावाचे दुखणे कोठेच येत नाही, म्हणून त्याचा हिशेब त्याला बरोबर वाटतो. घरातील या रोगाचे गणित नेमके असेच आहे. औषध घ्यावे की न घ्यावे हा निर्णय पतीचा. त्याला त्रास नाही, म्हणून औषधाचा लाभ त्याला दिसत नाही. डॉक्टरांपुढे बसण्याचा संकोच मात्र लख्ख दिसतो. निर्णयाची किंमत पत्नी मोजते. वारंवारचे डॉक्टर, नाशिकची सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरची जा-ये, बुडालेले दिवस, मनाचा कोंडमारा, आणि वर स्वच्छतेविषयीची दूषणे. कारखानदारावर सरकार कर बसवू शकते, कायदा करू शकते. शयनगृहात ना कर चालतो, ना निरीक्षक. तेथे एकच उपाय उरतो. खालच्या गावाचे दुखणे वरच्याच्या हिशेबात आणून दाखवणे. म्हणजेच ज्ञान.

आणि हा हिशेब दिसतो त्याहून मोठा आहे. गरोदरपणात हा संसर्ग असेल तर अपुऱ्या दिवसांची प्रसूती आणि कमी वजनाचे मूल यांचा धोका वाढलेला आढळतो. हा संसर्ग असलेल्या स्त्रीला एचआयव्हीची लागण होण्याचा संभव सुमारे दीडपट होतो. याखेरीज एक किंमत आपल्याच राज्याने मोजलेली आहे. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला आणि राज्य शासनाने चौकशीसाठी समिती नेमली. ऐंशी हजारांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीत तेरा हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. त्यांची कारणे अनेक होती, आणि ती सारी या एका रोगाच्या माथी मारणे चुकीचे होईल. परंतु अंगावर पांढरे जाण्यासारख्या तक्रारी घेऊन गेलेल्या स्त्रियांना, योग्य तपासणी व साधा औषधोपचार न होता, शस्त्रक्रियेचा मार्ग दाखवण्यात आल्याचे त्या वेळी वारंवार पुढे आले. काही रुपयांच्या गोळीचे काम हजारो रुपयांच्या कर्जाने आणि एका अवयवाने करणे, याहून तोट्याचा व्यवहार कोणता?

आमच्या परिचितांशी मी बोललो का, असे वाचक विचारतील. कबूल करावयास हवे की, वर्गात बाह्य परिणामांवर तासन्‌तास बोलणाऱ्या मला त्या गृहस्थांपुढे हा विषय काढावयास कित्येक आठवडे लागले. अखेर एका संध्याकाळी स्टेशनवर गाडीची वाट पाहताना मी बोललो. त्यांनी सारे निमूटपणे ऐकले आणि एकच प्रश्न विचारला, ‘म्हणजे हे माझ्यामुळे, की तिच्यामुळे?’

हा प्रश्न सर्वांत धोक्याचा आहे. आणि औषध न घेण्याचे खरे कारण बहुधा याच्याच पोटात असते. लैंगिक रोग म्हटला की तो स्टेशनबाहेरच्या वस्तीचा, महामार्गावरच्या ट्रक ड्रायव्हरांचा, गोदामातल्या हमालांचा. आपल्यासारख्यांच्या घरात तो आला म्हणजे कोणीतरी पाप केले असले पाहिजे, असा आपला समज. कष्टकऱ्यांवरचा हा आरोप अन्यायाचा तर आहेच, पण तो आपल्या स्वतःच्या घरातही विष कालवतो. हा जीव शरीरात महिनोन्महिने, क्वचित वर्षानुवर्षेही, लक्षणांवाचून राहू शकतो. म्हणून आजच्या तपासणीवरून तो कोणाकडून आला आणि केव्हा आला हे कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. तपासणीचा कागद हा आजाराचा दाखला आहे, चारित्र्याचा नव्हे. त्याच्या आधारे पत्नीवर वा पतीवर आरोप करणे शास्त्राला धरून नाही. ‘कोणामुळे?’ या प्रश्नाला उत्तर नाही. ‘आता काय करावयाचे?’ या प्रश्नाला आहे, आणि ते दोघांनाही सारखेच लागू आहे. मी त्यांना एवढेच सांगू शकलो. त्यांनी औषध घेतले. तीन महिन्यांनंतरच्या तपासणीत त्यांच्या पत्नीस रोगाचा मागमूस राहिला नसल्याचे माझ्या पत्नीकडून मला कळले.

शासनाने या कामी काही केलेलेच नाही असे नव्हे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमांतर्गत जिल्हा रुग्णालये व अन्य शासकीय रुग्णालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ या नावाने लैंगिक व जननमार्गाच्या आजारांवर मोफत सल्ला व उपचार देण्याची योजना आहे. लक्षणांनुसार रंगांच्या खुणा असलेले औषधांचे संच तेथे ठेवलेले असतात. योनीस्रावासाठी हिरवा संच असतो. विवाहित, अविवाहित, स्त्री, पुरुष, कोणालाही तेथे जाता येते. परंतु ज्या योजनेचे नाव उच्चारण्याचीच लाज वाटते, तिचा लाभ कोण घेणार? दारावरची पाटी वाचून माणसे मान खाली घालून पुढे जातात. या क्लिनिकमधील समुपदेशकांनी पत्नीबरोबर पतीलाही बोलावण्याचा आग्रह धरावा. आशा कार्यकर्तीने घरातील बाईशी बोलावे, तसे पुरुषाशी बोलणारेही कोणीतरी नेमावे. चिठ्ठीवर दोन नावे लिहिणाऱ्या डॉक्टरांनी दुसऱ्या नावाचा माणूस समोर बसवूनच ती चिठ्ठी हाती द्यावी, असे सुचवावेसे वाटते.

माझ्या व्यवसायबंधूंना मात्र निराळे सांगावयाचे आहे. शाळेत जीवशास्त्राच्या पुस्तकातील प्रजननाचा धडा आला की ‘हा घरी वाचून या’ असे सांगून पुढच्या धड्याकडे वळणारे आपणच. घरी तो कोणी वाचत नाही; आणि ज्याला कोणी उत्तर दिले नाही तो विद्यार्थी पुढे पती होतो, पत्नी होते, आणि चिठ्ठीची घडी घालून कपाटात ठेवतो. महाविद्यालयात रक्तगटाची शिबिरे भरतात, डोळ्यांची भरतात. जननमार्गाच्या आजारांविषयी एक व्याख्यान, मुलांसाठीही आणि मुलींसाठीही, वर्षातून एकदा का होऊ नये?

या कामास वैद्याचीच पदवी लागते असे नाही. शंभर वर्षांपूर्वी महाराष्ट्रात हा विषय उघडपणे मांडणारे र. धों. कर्वे गणिताचे प्राध्यापक होते. १९२७ साली त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले आणि १९५३ पर्यंत, मृत्यूने गाठेतोवर, चालवले. अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू मांडण्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले होते. कर्व्यांना जे नोकरी गमावून सांगावे लागले, ते आज आपल्याला केवळ संकोच गमावून सांगता येते. मराठीत या रोगांना ‘गुप्तरोग’ म्हणतात. रोग गुप्त ठेवल्याने तो बरा होत नाही. फक्त त्याची किंमत कोण भरते, ते गुप्त राहते.